आरसी हेलिकॉप्टरच्या स्टिक धरायच्या कशा: अंगठ्यानं, चिमटीत, की दोन्ही मिळून?

आधी एक छोटा प्रयोग करू. आरसी म्हणजे रेडिओनं दुरून उडवायच्या हेलिकॉप्टरची बॅटरी काढून बाजूला ठेवा, फक्त रेडिओ (हातातला ट्रान्समीटर) चालू करा आणि त्याच्या पडद्यावर चॅनेल मॉनिटर उघडा. प्रत्येक चॅनेलची, म्हणजे प्रत्येक नियंत्रणाची, एक आडवी पट्टी दिसते, स्टिक हलली की ती सरकते. रडरला (शेपटीच्या नियंत्रणाला) एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग) दिला असेल तर तो तेवढ्यापुरता शून्य करा, कारण एक्स्पो मध्याजवळच्या बारीक हालचाली झाकून टाकतो. आता कलेक्टिव्हची, म्हणजे पात्यांचा कोन (पिच) बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी, स्टिक पार खालून पार वर न्या आणि परत खाली आणा. हळू नको, खऱ्या उडवण्यात जशी झटक्यात हलते तशी हलवा. कलेक्टिव्हची पट्टी पूर्ण सरकेल, ती सरकायलाच हवी. लक्ष ठेवायचं ते रडरच्या पट्टीवर. ती जागची हलता कामा नये.

बहुतेकांची हलते. मोड म्हणजे कुठल्या स्टिकवर काय येतं त्याची मांडणी. मोड २ मध्ये एकाच डाव्या स्टिकवर वर-खाली कलेक्टिव्ह आणि डावी-उजवीकडे रडर असतो. बोटानं सरळ रेष सोडली की कलेक्टिव्हबरोबर थोडा रडरही जातो. हवेत त्याचं रूप असं दिसतं: जोरात पिच दिला की शेपूट एका बाजूला झटका खाते, पिच काढला की दुसऱ्या बाजूला. मग माणूस जायरोचा (शेपूट स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे त्याची तीव्रता, वाढवतो, शेपटीची पाती बदलतो, बेल्ट तपासतो. मी स्वतः एक अख्खा हंगाम शेपटीचा गेन वर-खाली करण्यात घालवला. दोष यंत्रात नव्हता, माझ्या डाव्या अंगठ्याच्या चालीत होता. म्हणून हा विषय मला इतका जिव्हाळ्याचा वाटतो. स्टिक कशी धरायची हे कुणी पहिल्या दिवशी नीट सांगत नाही आणि एकदा हात बसला की मोडायला फार कष्ट पडतात.

आता स्टिकवर एवढं ओझं का असतं ते पाहू. विमानाचं मॉडेल नीट ट्रिम (सरळ जाईल असं समायोजित) केलेलं असेल तर दोन-चार सेकंद हात सोडले तरी ते आपल्या वाटेनं जात राहतं. हेलिकॉप्टर तसं राहत नाही. आजकालचे फ्लायबारलेस कंट्रोलर (हेलिकॉप्टरमधली इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण यंत्रणा) त्याचा कल बराच सावरून धरतात, पण जागा धरत नाहीत. ते हळूहळू सरकायला लागतं आणि सरकलेलं परत आणायचं काम आपल्याच बोटांचं. त्यात चार गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात: पात्यांचा पिच म्हणजे कलेक्टिव्ह, शेपूट म्हणजे रडर, पुढे-मागे झुकवणारा एलिव्हेटर आणि बाजूंना झुकवणारा एलेरॉन. मोड २ मध्ये शेवटच्या दोन्ही उजव्या स्टिकवर येतात. मोड १ मध्ये कलेक्टिव्ह आणि एलेरॉन उजवीकडे, एलिव्हेटर आणि रडर डावीकडे. मोड ३ आणि ४ ही अनुक्रमे २ आणि १ ची आरशातली रूपं. पुढे मी मोड २ धरून बोलतो. तुमचा मोड वेगळा असेल तर कुठली स्टिक काय करते ते त्याप्रमाणे बदलून घ्या, बोटांचं शास्त्र तेच राहतं.

थोडा हिशेब केला की बारकावा कळतो. थ्रीडी म्हणजे उलटसुलट करामती उडवणाऱ्या मॉडेलचा पिच साधारण उणे १२ अंशांपासून अधिक १२ अंशांपर्यंत ठेवतात, म्हणजे एकूण २४ अंश. स्टिकच्या टोकाचा खालून वरपर्यंतचा प्रवास असतो अंदाजे साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे टोक दीड मिलिमीटर सरकलं की पात्यांचा पिच एका अंशानं बदलला. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी, स्थिर उभं असलेलं हेलिकॉप्टर एका अंशाच्या बदलानं सरळ वर निघतं. आपण ज्या दुरुस्त्या करतो त्या मिलिमीटरच्याही भागांत असतात, आणि त्या करणाऱ्या बोटाचं पेर मऊ मांसाचं आहे. स्टिक हलण्याआधी ते मांस आधी दबतं आणि सरकतं. पकडीबद्दलच्या सगळ्या वादाचं मूळ इथं आहे.

अंगठ्याची पकड

सर्वांत सहज येणारी पकड हीच. दोन्ही तळहातांनी रेडिओच्या कडा धरायच्या, मधली बोटं मागून आधार देतात, अंगठे वरून स्टिकच्या डोक्यावर आणि तर्जन्या वरच्या कोपऱ्यांतल्या स्विचेसवर. व्हिडिओ गेम खेळलेल्या कुणालाही ती शिकवावी लागत नाही.

तिचे फायदे खरे आहेत. रेडिओ हातात घट्ट बसतो, गळ्यात पट्टा लागत नाही, दोन्ही तर्जन्या पूर्ण मोकळ्या राहतात. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला स्टिक न्यायची तर अंगठ्यासारखा चपळ कुणी नाही. टिक-टॉक नावाची एक करामत आहे, त्यात हेलिकॉप्टर नाक वर करून जवळजवळ उभं राहतं आणि लंबकासारखं इकडून तिकडे झुलतं. दर झोक्याला कलेक्टिव्ह आणि सायक्लिक (एलिव्हेटर-एलेरॉनची) दोन्ही स्टिक एकदम उलटायच्या असतात. अशा ठिकाणी अंगठेवाले निवांत दिसतात.

अडचण अंगठ्याच्या जोडणीत आहे. अंगठा मनगटाजवळच्या सांध्यावर फिरतो, दार बिजागरीवर फिरतं तसा. दाराची कड कमान काढते, सरळ रेष नाही. अंगठ्याचं टोकही मनानं जाऊ दिलं तर कमानच काढतं. ते सरळ न्यायचं असेल तर अंगठ्याचे पुढचे सांधे योग्य प्रमाणात वाकवत-सरळ करत जावं लागतं. हळू हालचालीत हे आपोआप जमतं, झटक्यात बिनसतं. रडरची पट्टी का हलते, त्याचं उत्तर या कमानीत आहे.

दुसरी अडचण दाबाची. अंगठा वरून टेकवलेला असतो, म्हणून स्टिक निसटू नये या भीतीनं आपण तिला खाली दाबतो. दाब वाढला की गिंबलमधलं (स्टिक ज्यावर फिरते त्या यंत्रणेतलं) घर्षण वाढतं, आणि मग स्टिक आधी अडते आणि नंतर उडी मारते. हे ओळखायची एक सोपी खूण आहे: उडवून झाल्यावर लगेच अंगठ्याच्या नखाकडे बघा. नख पांढरं पडलेलं असेल, किंवा पेरावर स्टिकच्या दातांचे खोल ठसे उमटले असतील, तर तुम्ही स्टिक हलवण्यापेक्षा दाबण्यात जास्त ताकद घालताय. ठसा हलका, नख गुलाबी, म्हणजे ठीक चाललंय. स्टिक पेराच्या नेमक्या कुठल्या भागाखाली यावी? मांसल मध्यापेक्षा किंचित पुढे, पण नखाच्या कडेला नाही. तिथं मांस कमी असल्यामुळे कमी दबतं आणि हालचाल थेट स्टिकला मिळते.

चिमटीची पकड

सुईत दोरा ओवताना आपण दोऱ्याचं टोक अंगठ्यानं ढकलत नाही, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतो, आणि तेही मनगट कुठंतरी टेकवून. चिमटीची पकड म्हणजे हेच. स्टिकच्या एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला तर्जनी, दोन्हींचा दाब अगदी हलका. दोन बोटं समोरासमोर असल्यानं एक ढकलतं तेव्हा दुसरं रोखून धरतं. म्हणून बारीक हालचाल हवी तिथं थांबते, पुढे घसरत नाही. स्टिक मध्यावर आहे की नाही हेही चिमटीत जास्त नेमकं जाणवतं. अंगठेवाला बोट हलकं करून मध्य स्प्रिंगच्या हवाली करतो, चिमटीवाला मध्यही स्वतः धरून ठेवतो.

संथ कामात याचा फरक दिसतो. एकाच जागी हॉवर करत शेपूट ठरलेल्या एकाच वेगानं पूर्ण फिरवायची, यात रडरची स्टिक मध्यापासून केसभर दूर नेऊन तिथंच धरून ठेवावी लागते. एफएआयच्या (हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) स्पर्धांमध्ये हेलिकॉप्टरचे एफथ्रीसी आणि एफथ्रीएन असे दोन वर्ग आहेत. पहिल्यात अचूकता आणि ठरलेल्या आकृत्या, दुसऱ्यात मुक्त थ्रीडी. पहिल्या प्रकारचं उडवणं ज्याला मनापासून आवडतं त्यानं चिमटी एकदा तरी मन लावून करून बघावी असं माझं ठाम मत आहे.

पण चिमटीत स्टिक धरली की रेडिओ धरायला हातच उरत नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कडेला टेकतं तेवढंच. म्हणून पट्टा हवाच, किंवा रेडिओ बसवायचा ट्रे हवा, ज्याच्यावर दोन्ही तळहात ऐसपैस टेकतील. जर्मनीत तर डेस्कसारखे रुंद, पुल्ट प्रकारचे रेडिओ याच पद्धतीसाठी वर्षानुवर्षं वापरले गेले. पट्टा लावून चिमटी करायची असेल तर आधी हे पाहा: रेडिओ गळ्यात अडकवा आणि दोन्ही हात सोडून द्या. तो स्वतःच आडवा, समतोल लटकला पाहिजे. पुढे किंवा मागे कलंडत असेल तर हुकाची जागा चुकीची आहे, आणि तो सावरण्याचं काम तुमच्याच बोटांवर पडणार. त्यासाठी हुक पुढे-मागे सरकवता येणारी पट्टी मिळते, ती जरूर लावा.

टेकायला जागा का हवी, त्याचं कारण शरीरात आहे. कुणाचाही निरोगी हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा अगदी बारीक कंप पावत असतो. अधांतरी धरलेल्या हाताचा कंप पुढे बोटापर्यंत पोचतो, टेकलेल्या हाताचा बराचसा टेकल्या जागीच जिरतो. कोपरं बरगड्यांजवळ आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग रेडिओवर टेकलेला असला की स्टिक धरणारी बोटं खऱ्या अर्थानं मोकळी होतात. अंगठेवाल्यांनाही हे तितकंच लागू आहे.

मधला मार्ग

तिसरी पकड दोन्हींच्या मधली. अंगठा स्टिकच्या डोक्यावरच, पण तर्जनी स्विचवर न ठेवता पुढून येऊन स्टिकच्या बाजूला हलकेच टेकलेली. हुकूम अंगठ्याचा, तर्जनी लगाम. अंगठा कमानीवर घसरायला लागला की तर्जनी त्याला जागेवर ठेवते. मी आज असंच उडवतो, आणि नवीन माणसाला हीच पकड आधी सुचवतो. जोरदार थ्रीडी करताना तर्जनी उचलली की ती अंगठ्याची पकड होते, हॉवर करताना अंगठा जरा कडेला घेतला की चिमटीच्या जवळ जाते. म्हणजे पुढे मन कुठंही वळलं तरी सवय फार मोडावी लागत नाही. फक्त हाताचा पंजा फार लहान असेल तर तर्जनी ताणून आणावी लागते आणि मनगट दुखतं. तेव्हा हट्ट धरू नये.

रेडिओ पकडीला जुळवून घ्या

ही या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लोक पकडीवर तासन्‌तास वाद घालतात आणि रेडिओ मात्र खोक्यातून निघाला तसाच वापरतात. मग चिमटीवाल्याच्या हाती आखूड स्टिक आणि अंगठेवाल्याच्या हाती लांब, सैल स्टिक येते, आणि पकड वाईट असल्याचा निष्कर्ष निघतो.

स्टिकचं डोकं सहसा दोन भागांचं असतं. वरचा भाग आणि त्याखालचा नटासारखा भाग एकमेकांवर कसलेले असतात. खालचा धरून वरचा उलटा फिरवला की दोन्ही सुटतात, मग हवी ती उंची ठेवून परत एकमेकांवर कसायचे. अंगठ्यासाठी आखूड, चिमटीसाठी लांब, मधल्या पकडीसाठी मधली. फरक किती पडतो ते बघा: स्टिक आतल्या खिळीपासून टोकापर्यंत ४० मिलिमीटर असेल आणि तुम्ही ती ५ नं वाढवली, तर तेवढ्याच कोनासाठी बोटाला आठव्या हिश्शानं जास्त अंतर जावं लागतं. तेवढा बारकावा वाढला, पण पोच कमी झाली. अंगठेवाल्यानं स्टिक वाढवत नेली तर एक वेळ अशी येते की पार कोपऱ्यात जाताना अंगठा पुरत नाही आणि तळहात रेडिओवरून उचलला जातो. तिथून थोडं मागे या, तीच तुमची लांबी. चिमटीवाल्यानं उलटं तपासायचं: स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन बघा, बोटांची पेरं खोक्यावर आपटत असतील तर थोडी वाढवा.

मग स्प्रिंग. रेडिओच्या मागे, रबरी पकडीखाली किंवा पाठीच्या झाकणाआड, बारीक स्क्रू असतात, त्यांनी प्रत्येक दिशेचा ताण कमीजास्त होतो. अंगठ्याला जरा कडक स्प्रिंग मानवते, कारण मध्य तीच दाखवते. चिमटीला मऊ बरी. स्क्रू पाव पाव वळशानं फिरवा, एकदम नको. कलेक्टिव्हच्या दिशेला परत मध्यावर आणणारी स्प्रिंग नसते, तिथं घर्षणाची पट्टी असते. विमानांसाठी तिच्यावर टक-टक करणारे दाते बसवतात. हेलिकॉप्टरसाठी ते काढून गुळगुळीत पट्टीच ठेवायची, नाहीतर तो दीड मिलिमीटरचा हिशेब दात्यांच्या पायऱ्यांवर अडकून पडतो. घर्षण इतकंच असावं की रेडिओ हलका हलवला तरी स्टिक आपली जागा सोडणार नाही. एवढं सगळं केल्यावर मॉनिटरवर पट्ट्या टोकापर्यंत पोचतात का आणि सोडल्यावर (कलेक्टिव्ह सोडून बाकीच्या) मध्यावर परततात का, हे पुन्हा पाहून घ्या.

आणि एक्स्पो? सुरुवातीला आपण तो काढला होता, तो आता परत ठेवा. मध्याजवळचा अतिसंवेदनपणा कमी करायला तो चांगला आहे. रडरची पट्टी हलते म्हणून एक्स्पो वाढवत नेणं मात्र मला पटत नाही. वाकडी चाल तशीच राहते, फक्त दिसेनाशी होते, आणि मोठ्या हालचालीत हमखास डोकं वर काढते.

होल्डच्या स्विचपर्यंत बोट पोचतं का?

इथं घाई करू नका. ७०० वर्गाच्या (साधारण ७०० मिलिमीटर लांब पात्यांच्या) हेलिकॉप्टरचा रोटर दीड मीटरहून मोठा असतो. तो मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरताना पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १६० मीटरच्या पुढे, म्हणजे तासाला जवळपास ६०० किलोमीटर होतो. काही बिघडलं तर मोटर बंद करणारा थ्रॉटल होल्ड हा एकच स्विच आपल्या हाती असतो, आणि पकड बदलली की त्या स्विचपर्यंतची वाट बदलते.

अंगठेवाल्याची तर्जनी तिथंच असते. चिमटीवाल्याला स्टिक सोडून बोट न्यावं लागतं किंवा मधलं बोट वापरावं लागतं. म्हणून पकड ठरली की होल्ड असा स्विच निवडा, जिथं तुमचं एखादं बोट स्टिक न सोडता पोचेल. बहुतेक चांगल्या रेडिओंमध्ये हा स्विच बदलता येतो. शेजारी चुकून लागेल असा दुसरा महत्त्वाचा स्विच ठेवू नका. मग मॉडेलविना, भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे बघत, रेडिओकडे एकदाही न पाहता होल्ड मारायचा सराव करा. बोट शोधत फिरतंय तोवर तयारी झालेली नाही. ऑटोरोटेशन शिकताना हाच स्विच मुद्दाम मारायचा असतो: मोटर बंद, पिच किंचित उणे करून रोटर फिरता ठेवायचा आणि जमिनीजवळ साठलेली गती पिचमध्ये खर्च करून अलगद टेकायचं. स्विचकडे जाताना कलेक्टिव्हची स्टिक हिसकली गेली तर ती सगळी शिल्लक वरच संपते.

पट्टा आणि लांब स्टिक वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावं. मॉडेल उचलायला वाकताना गळ्यातला रेडिओ पुढे झुलतो आणि स्टिक गुडघ्याला किंवा कपड्याला घासते. पट्ट्याचा सैल हुकही स्टिकवर आपटू शकतो. होल्ड मारलेला, रोटर पूर्ण थांबलेला आणि एका हातानं रेडिओ अंगाशी धरलेला, असं असल्याशिवाय वाकू नये.

पकड बदलायची असेल तर

सिम्युलेटरवर बदला, आणि तिथंही तुमचा नेहमीचा रेडिओ जोडून. सिम्युलेटरचा वेगळा कंट्रोलर घेतलात तर स्टिकची लांबी, ताण, वजन सगळंच वेगळं, मग हात कसा बसणार? पहिले काही दिवस वाटेल की आपण उडवायचंच विसरलो. तसं वाटणारच, कारण मेंदूला दिशा ठाऊक असतात पण बोटांचा नवा रस्ता ठाऊक नसतो. शेपूट आपल्याकडे ठेवून हॉवर, मग दोन्ही बाजू, मग नाक आपल्याकडे. नाक आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटतं, म्हणून तिथं बोटं घाबरून आवळतात. नेमकी तिथंच नव्या पकडीची परीक्षा होते.

घाबरलं की हात जुन्या सवयीकडे पळतो. माझी तर्जनी कित्येक दिवस अशी आपोआप उठून स्विचवर जात होती आणि मला ते कळतही नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या मित्रानं मॉडेलकडे न बघता फक्त माझ्या हातांकडे बघून ते सांगितलं. तुम्हीही कुणालातरी तसं उभं करा, किंवा फोन टेकवून आपल्या हातांचं चित्रण करा.

खऱ्या मॉडेलवर पहिल्यांदा जाल तेव्हा उंची भरपूर ठेवा, शेपूट आपल्याकडे ठेवा, करामत एकही नको. बोटं जुन्या जागी गेल्याचं जाणवलं तर हवेत पकड बदलायला जाऊ नका. ज्या पकडीत आहात तीतच मॉडेल शांतपणे उतरवा, होल्ड मारा, आणि त्या दिवशी उरलेल्या बॅटऱ्या सिम्युलेटरच्या नावानं तशाच भरलेल्या घरी न्या. स्टोरेज व्होल्टेजला (बॅटरी साठवून ठेवायच्या अर्धवट चार्जला) आणून ठेवायला मात्र विसरू नका.